८६ ची बुलेट ३५०, गरम झाली की बंद पडायलीय. जुना २४ मिलीचा कार्बोरेटर रिपेअर करू का सरळ २८ चा टाकू?

औशाचा_बुलेटवाला (लातूर)

राम राम मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहायलोय, जरा लांबंल पण सगळं सांगितल्याबिगर तुम्हाला अंदाज येणार नाही.

गाडी १९८६ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, गेर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. आमच्या आप्पांची. त्या साली तूर चांगली झाली होती म्हणून घेतली असं आई सांगते. आप्पा गेल्यापासून सहा वर्षं पत्र्याच्या शेडात पोत्याखाली उभी होती, ह्या फेब्रुवारीत बाहेर काढली. टाकीत गंज होता, आत बारीक खडी घालून हलवून हलवून धुतली, कॉक नवा बसवला, मध्ये फिल्टर टाकला. ठिणगी पाडायचं सगळं सामान, म्हणजे पॉईंट, कंडेन्सर, कॉईल, प्लग, वायर, नवं आहे. इंजिन खोललं नाही कारण कॉम्प्रेशन चांगलंय, किकवर उभं ऱ्हायलो तरी खाली जात नाही, डिकम्प्रेसर दाबून अ‍ॅम्पियरचा काटा मधी आणावाच लागतो.

आता त्रास सांगतो. सकाळी थंड असताना चोक ओढून दुसऱ्या तिसऱ्या किकला चालू. पण स्लो (मूठ सोडल्यावरची रेस) एका जागी थांबत नाही, कधी आपोआप रेस चढते कधी खाली येऊन फट्‌ करून बंद. अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके. फुल ओढली तर पाठीमागं काळा धूर आणि गाडी जडावते, साठच्या वर जायला तयार नाही. आणि सगळ्यात बेकार म्हणजे लातूरहून औशाला जाईपर्यंत नीट जाते, तिथं पाच मिनिटं थांबून परत किक मारावी तर काही केल्या चालू होत नाही. वीस मिनिटं अर्धा तास थांबलं की परत जशाला तशी. परवा औसा टी पॉईंटला भर दुपारी ४२-४३ डिग्रीत ढकलत नेली, सोबत आई होती, लै वाईट वाटलं.

कार्बोरेटर गाडीचाच जुना आहे, मिककार्ब व्हीएम २४ (आकडा म्हणजे हवा जायच्या तोंडाचं माप, मिलीमध्ये). एका मेकॅनिकनं दोनदा खोलून पेट्रोलनं धुऊन दिला, पैसे घेतले, फरक शून्य. आता तो म्हणायलाय हा संपला, ५०० च्या बुलेटचा २८ चा टाक, पॉवर पण वाढंल आणि कटकट पण जाईल. रिपेअर किटला चार-पाचशे जातील आणि २८ ला चार-पाच हजार, पैशाचं बघता येईल पण उगं आप्पांच्या गाडीचा मूळचा सामान काढून फेकायला मन होईना. कुणी केलंय का असं? नक्की काय करू?

गोदाकाठ२६ (नांदेड)

भावा, आधी त्या २८ चा विषय बाजूला ठेव. तू जे लिहिलंस त्यात मला एक नाही, तीन वेगवेगळे फॉल्ट दिसायलेत, आणि तिन्ही एकत्र आहेत म्हणून दोनदा धुऊन पण फरक पडला नाही. कार्बोरेटर धुणं म्हणजे दुरुस्त करणं नव्हे हे आपल्याकडं कुणी समजूनच घेत नाही, मी वीस वर्षं हेच बघायलोय.

पहिलं काम कर. अ‍ॅक्सिलेटरच्या मुठीवर पांढरी टेप चिकटव आणि पेनानं पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा कर. व्हीएम कार्बोरेटरमध्ये प्रत्येक टप्प्याला वेगळा पार्ट पेट्रोल देतो. जेट म्हणजे पेट्रोल यायचा बारीक भोकाचा पितळी तुकडा, स्लाईड म्हणजे मुठीबरोबर वरखाली होणारा दट्ट्या, नीडल म्हणजे त्या स्लाईडला लटकलेली सुई. बंद ते पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्याच्या थोडं पुढं स्लाईडची खालची तिरपी कापलेली बाजू, पाव ते पाऊण नीडल आणि ती ज्याच्यात खालीवर होते ती नीडल जेट, आणि पाऊणच्या पुढं मेन जेट. म्हणजे गाडी कुठल्या खुणेवर नाटक करते हे कळलं की कुठला पार्ट बघायचा ते आपोआप कळतं. तुझी फुल मुठीत काळा धूर काढते म्हणजे मेन जेट मोठा झालाय. जेट काढून उजेडाला धर. कुणीतरी कधीतरी पेट्रोल कमी येतंय म्हणून त्यात तार नाहीतर बारीक ड्रिल घातलेलं असणार. वर कोरलेला आकडा तोच राहतो पण भोक मोठं झालेलं असतं, त्यामुळं आकड्यावर विश्वास ठेवू नको.

दुसरं, स्लो वरखाली होणं आणि फटाके. हे पेट्रोल जास्तीचं नाही, हवा चोरून आत जायलीय त्याचं लक्षण आहे. कार्बोरेटर हेडला दोन नटांवर बसतो बघ. आपले लोक लिकेज थांबावं म्हणून ते दोन नट जीव खाऊन आवळतात. बॉडी मऊ धातूची, त्याच्यामुळं दोन्ही कान पुढं वाकतात आणि मधला भाग उचलला जातो. जितकं आवळावं तितकी फट वाढते. तपासायला सोपंय, कार्बोरेटर काढ, ओ-रिंग काढ आणि फ्लँजचं (हेडला टेकणाऱ्या बाजूचं) तोंड खिडकीच्या काचेवर ठेव. मागून बॅटरी मार. उजेड दिसला की समज. मग त्याच काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवून त्यावर फ्लँज इंग्रजी आठाच्या आकड्यात हळूहळू घास, एका बाजूला जोर देऊ नको. सगळीकडं सारखी चमक आली की थांब, जास्त घासलास तर ओ-रिंगची खाचच उथळ होईल. बसवताना नवी ओ-रिंग आणि नट दोन्हीकडून आलटून पालटून थोडं थोडं आवळ, छोट्या पान्यानं, मनगटाच्या जोरानं. खांद्याचा जोर लावायचा नाही.

काढायच्या आधी खात्री करायची असंल तर गाडी स्लोवर ठेवून सिरिंजनं जॉईंटवर साबणाचं पाणी सोड. आवाज बदलला की हवा तिथूनच जायलीय. काहीजण पेट्रोल नाहीतर स्प्रे मारून बघतात, तसलं करू नको, बाजूलाच गरम सायलेन्सर असतो.

तिसरं, गरम झाल्यावर बंद. इथं दोन शक्यता. एक म्हणजे गरम झाल्यावर स्पार्क जाणं, कंडेन्सर नवा असला तरी आजकालचा नवा माल पहिल्याच दिवशी खराब निघू शकतो. त्यामुळं बंद पडली की तिथंच प्लग काढून हेडला टेकवून किक मार, निळा ठिणगा पडला तर इग्निशन सोडून दे. दुसरी शक्यता पेट्रोल उकळणं. हेड आणि कार्बोरेटरच्या मध्ये एक जाड फायबरचं, काळपट तांबूस रंगाचं पॅकिंग असतं, हायलमचं म्हणतात बरेचजण. त्याचं काम हेडची उष्णता कार्बोरेटरला लागू द्यायची नाही. कास्ट आयर्नचं सिलिंडर एकदा तापलं की लवकर निवत नाही, आणि गाडी चालू असताना निदान हवा लागते, थांबली की सगळी धग कार्बोरेटरमध्ये चढते. ते पॅकिंग आहे का तुझ्या गाडीला? फोटोवरून पण सांगता येईल. पुढच्या टायमाला बंद पडली की ओलं फडकं कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला दोन मिनिटं गुंडाळ आणि किक मार. चालू झाली तर दुसरं काही शोधत बसू नको.

आणि साफ करायचंच तर सगळं सुटं कर. जेट, नीडल जेट, एअर स्क्रू, फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची, पेट्रोल थांबवणारी) पिन, रबरं सगळं. शेजारच्या सराफाकडं दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन असतं, त्याला विनंती कर, आधी बॉडी पेट्रोलचा वास जाईपर्यंत साबणानं धुऊन ने म्हणजे तो नाही म्हणणार नाही. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, तिथं सहा वर्षांचं वाळलेलं पेट्रोल डिंकासारखं बसलेलं असतं आणि ते नुसत्या पेट्रोलनं निघत नाही. जेटमध्ये सुई, केबलची तार काही घालू नको, घालायचंच तर लाईटच्या वायरमधला तांब्याचा एक धागा, तांबं पितळापेक्षा मऊ असतं. नंतर पंक्चरवाल्याकडच्या हवेनं प्रत्येक भोक फुंकून घे आणि दुसऱ्या बाजूनं हवा येते का बोटावर बघ.

एअर स्क्रू हळू पूर्ण आत लाव आणि तिथून दीड फेरा बाहेर. ह्या कार्बोरेटरमध्ये स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), आत लावला की जाड (पेट्रोल जास्त). बरेच मेकॅनिक उलटं समजतात.

वाळूज_फिटर (छत्रपती संभाजीनगर)

वरच्या दादांनी सगळं सांगितलंच, मी फक्त २८ चं सांगतो कारण मी ते केलंय आणि दोन वर्षं चालवून परत २४ वर आलोय.

माझी पण ३५० च, ९४ ची. ५०० चा व्हीएम २८ मिळाला म्हणून टाकला. पहिली अडचण बसवतानाच, फ्लँज आणि स्टडचं अंतर जुळंना, मी कंपनीत लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा अडॅप्टर करून घेतला म्हणून जमलं, नाहीतर लोक कार्बोरेटरच्या कानाची भोकं कानशीनं लांबट करतात आणि मग तिथूनच हवा जाते. आतलं तोंड २८ चं आणि हेडचं भोक त्याच्याहून बारीक, म्हणजे मधी पायरी झाली, हवा तिथं आपटते. केबलची लांबी वेगळी, एअर फिल्टरचा रबर वेगळा. मेन जेट ११० पासून चालू केला, १०५ वर थांबलो, त्यात तीन महिने गेले.

मिळालं काय? कन्नडच्या घाटात फुल मुठीत थोडी मोकळी वाटायची एवढंच. खालच्या रेसला उलट मेली. साधं आहे, तोंड मोठं केलं की त्याच इंजिनानं ओढलेली हवा तिथून हळू जाते, आणि हवा हळू गेली की जेटमधून पेट्रोल नीट उचललं जात नाही. बुलेटची मजा जी तिसऱ्या-चौथ्या गेरमध्ये चाळीसला डुगडुग डुगडुग जाण्यात आहे तीच गेली. सकाळी किका वाढल्या. अ‍ॅव्हरेज ३४-३५ चं २७ वर आलं.

आणि आकडेच बघा की. आपलं कास्ट आयर्न इंजिन १८ हॉर्सपॉवरचं. नंतरच्या नव्या युसीई इंजिनाच्या ३५० ला २९ चा व्हॅक्यूमवाला कार्बोरेटर दिला, कॉम्प्रेशन ८.५ केलं, हेड नवं, कॅम नवे, एवढं सगळं करून कंपनीला मिळाले १९.८. मग आपण नुसता कार्बोरेटर मोठा करून काय मिळवणार. हेडचं भोक, व्हॉल्व्ह, कॅम सगळं २४ च्या हिशोबानं बनवलंय.

तुमची गाडी आधी २४ वर सरळ करा. स्लाईड काढून एकदा बघा, समोरून खाली पितळ दिसेपर्यंत घासली असंल, किंवा बॉडीत घालून अंगठ्यानं पुढंमागं हलवल्यावर टकटक वाजत असंल तर मात्र किटनं काही होणार नाही, कारण झिजलेली बॉडी किटमध्ये येत नाही. मग नवा घ्या पण २४ च घ्या.

रोडकिंग_अंबाजोगाई

माझी बुलेट नाही, येझदी रोडकिंग आहे, तरी लिहितो कारण कार्बोरेटर बदलायच्या बाबतीत माझा अनुभव वरच्यांपेक्षा वेगळा आहे आणि दोन्ही बाजू कळायला पाहिजेत.

येझदीचा मूळचा कार्बोरेटर जिकोव्ह. मैसूरची आयडियल जावा १९९६ ला बंद पडली तेव्हापासून आम्ही जुन्यावर जुनं लावून चालवायलोत. माझ्या जिकोव्हची बॉडीच झिजली होती, स्लाईड नवी टाकली तरी बाजूनं हवा जायचीच. पितळी फ्लोट होता, कानाजवळ धरून हलवला की आत खळखळ वाजायचं, म्हणजे डागाच्या जागी बारीक चीर पडून पेट्रोल आत गेलेलं. गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघून तिथं खूण केली, पेट्रोल सगळं वाळू दिलं आणि मग डाग दिला, वजन वाढू नये म्हणून अगदी थेंबभर. ते झालं पण बॉडीचं काय करणार. शेवटी मिकुनी पॅटर्नचा बसवला. मन लागलं नाही बरेच दिवस, पण गाडी रोज चालते, परळीला कामाला घेऊन जातो, उभी राहून सडण्यापेक्षा ते बरं असं मी ठरवलं. मूळचा जिकोव्ह तेल लावून, प्लास्टिकात बांधून कपाटात ठेवलाय.

त्यामुळं भाऊ, बदलावा लागला तर मनाला लावून घेऊ नका, पण बदलायच्या आधी दोष कार्बोरेटरचाच आहे ना एवढं पक्कं करा. मी जिकोव्हला सहा महिने शिव्या दिल्या आणि अर्धा दोष निघाला क्रँकच्या उजव्या सीलचा. टू स्ट्रोकमध्ये ती फाटली की क्रँककेस तिथून हवा ओढतो, रेस आपोआप चढते, अगदी कार्बोरेटर बिघडल्यासारखं. डावी फाटली तर गेरबॉक्सचं ऑईल ओढून पांढरा धूर काढते. तुमच्या फोर स्ट्रोकला ते नाही पण हवा चोरून येण्याचा नियम तोच.

अजून एक. पंपावर २०२३ पासून ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं आणि आता सगळीकडं तेच मिळतं. आपल्याच मराठवाड्यातला ऊस त्यात जातो, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या जुन्या गाड्या त्या हिशोबानं बनवलेल्या नाहीत. साध्या पेट्रोलला एक किलोमागं साधारण १४.७ किलो हवा लागते, नुसत्या इथेनॉलला ९. म्हणजे त्याच जेटमधून ई-२० आलं की गाडी थोडी पातळ चालते, जास्त तापते. नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल वर उचलली जाते, मधला टप्पा थोडा जाड होतो. जुन्या रबराच्या ओ-रिंगा फुगतात, टोकाला रबर असलेली फ्लोट पिन चिकटते. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी पंधरा दिवस उभी राहणार असंल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल जळेपर्यंत चालवायची, मग बंद. नाहीतर वाटीच्या तळाला पांढरी भुकटी दिसंल.

औशाचा_बुलेटवाला (लातूर)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी समोर बसून पण सांगत नाही. काल रविवार होता, सगळं खोललं. जे दिसलं ते लिहितो.

काचेवर ठेवून बॅटरी मारली. दोन्ही कानांच्या मधी सरळ उजेडाची रेघ. पोस्टकार्डाचा कोपरा आत जायलाय एवढी फट. आणि वरून मेकॅनिकनं त्या फटीत लाल शिलर (फट बुजवायची पेस्ट) भरलेलं, त्याचे तुकडे आत पोर्टमध्ये चिकटलेले. ते बघून अंगावर काटाच आला, इंजिनात गेलं असतं तर.

फायबरचं पॅकिंग नाही! हेडला थेट कागदाचं पॅकिंग आणि त्याच्यावर कार्बोरेटर.

जेटवर ९० कोरलंय. पण दादा तुम्ही म्हणालात तसं उजेडाला धरलं तर भोक गोल नाही, एका बाजूला ओढल्यासारखं आहे, कडेला चरे. स्लाईडवर रेघा आहेत पण पितळ दिसंना, हलवल्यावर थोडं वाजतं, जास्त नाही. नीडलवर एका जागी अंगठी घातल्यासारखा झिजलेला पट्टा आहे, नखाला लागतो.

पॅकिंग कुठं मिळंल? गंजगोलाईच्या मागच्या सगळ्या दुकानात विचारलं, एकजण म्हणाला त्याच्याशिवाय पण चालतंय.

गोदाकाठ२६ (नांदेड)

चालत नाही, तू ढकलत नेलीस ना औशाच्या टी पॉईंटला, तेच.

नीडल आणि नीडल जेट जोडीनं बदल, एकटी नवी नीडल जुन्या जेटमध्ये घातली तर अर्धवट काम होतं कारण ती नीडल जेट पण लांबट झिजलेली असते. स्लाईड तूर्त राहू दे. घालताना त्याची खाच बॉडीतल्या पिनेत बसली पाहिजे आणि कापलेली बाजू एअर फिल्टरकडं, मूठ सोडल्यावर खाली आपटल्याचा टक्‌ आवाज आलाच पाहिजे, त्याच्याशिवाय किक मारू नको, अडकली तर गाडी पूर्ण रेस धरते.

पॅकिंग नाही मिळालं तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं जा. त्यांच्याकडं फायबरची हायलम शीट असते, पाच-सहा मिलीची बघ. जुनं कागदी पॅकिंग ठेवून आखून घे, स्टडची दोन भोकं आणि मधलं गोल, मधलं गोल हेडच्या भोकाएवढंच, कणभर पण आत यायला नको. दोन्ही तोंडं त्याच काचेवर घासून सपाट कर. स्टड तेवढे लांब आहेत का बघ, नटाचे सगळे आटे धरले पाहिजेत. प्लास्टिक, लाकूड असलं काही लावू नको.

शिलर पूर्ण खरवडून काढ, पोर्टमधलं फडक्यानं, आत ढकलू नको.

जालना२१

नवीन जेट किट घेणाऱ्यांसाठी एक सांगतो, मी दोनदा फसलोय. हुबेहूब डबी, हुबेहूब छाप, आत डुप्लिकेट माल. मी दिल्लीहून कुरियरनं पूर्ण कार्बोरेटर मागवला होता, मेन जेट ९० लिहिलेला आणि प्रत्यक्षात कुठलाही. ओळखायचं म्हणजे अक्षरं. खऱ्याची अक्षरं बारीक, खोल, एका रेषेत. नकलीची पुसट, वाकडी. जेटच्या पेचकसाच्या खाचेच्या कडा खऱ्यात स्वच्छ असतात, नकलीत पितळाचे कुसळ. फ्लोट पिन घेतली तर नळीनं तोंडानं फुंकून बघा, फ्लोट वर धरल्यावर हवा पूर्ण थांबली पाहिजे, थोडी पण सुटली तर रात्रभर पेट्रोल गळून सकाळी खाली डबकं.

आणि औशाच्या भावा, गाडी ३१ मार्च २००० च्या आधीची आहे, पीयूसीला सीओची (धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडची) मर्यादा साडेचार टक्के. काळा धूर गेला की आरामात बसंल, री-पासिंगच्या आधी करून घे.

औशाचा_बुलेटवाला (लातूर)

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहायलोय, उशीर झाला कारण अर्धवट सांगायचं नव्हतं.

फ्लँज दोन तास घासली, काच आणि ४०० चा पेपर, शेवटी ८०० चा. आता उजेड कुठूनच येत नाही. हायलमचं पॅकिंग रिवाइंडिंगवाल्या काकांनी स्वतः कापून दिलं, पैसे घेतले नाहीत, त्यांच्या वडिलांची पण बुलेट होती म्हणाले. बॉडी सराफाच्या मशीनमध्ये पंधरा मिनिटं ठेवली, पाणी चहासारखं झालं. बाहेर काढल्यावर स्लोच्या बाजूचं एक बारीक भोक मला पहिल्यांदा दिसलं, आधी तिथं भोक आहे हेच माहीत नव्हतं, इतकं बुजलं होतं.

नीडल आणि नीडल जेट जोडीनं बदलली. मेन जेट घ्यायला निघालो होतो तर आईनं विचारलं काय शोधायलास. तिला हातातला जेट दाखवला. ती आत गेली आणि आप्पांची फिल्मची जुनी काळी डबी घेऊन आली. आत दोन पॉईंटचे सेट, एक कॉटर पिन आणि एक मेन जेट, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. त्याच्यावर पण ९०. शिवायची सुई घेऊन दोन्हीत घालून बघितली. डबीतल्या जेटमध्ये सुई टोकापाशीच अडकते, गाडीतून काढलेल्यात जवळजवळ अर्धा सेंटिमीटर जास्त खाली जाते. आकडा दोघांवर सारखाच. म्हणजे कधीतरी कुणीतरी जेट वाढवला असणार, आणि आप्पांनी चांगला जेट जपून ठेवला पण परत बसवायला जमलं नसंल. तोच बसवला.

पहिल्या दिवशी परत बंद पडली, लै निराश झालो. प्लग काढून बघितला, ठिणगा निळा. ओलं फडकं गुंडाळलं, काही फरक नाही. मग टाकीचं झाकण उघडलं तर फुस्‌ आवाज आला, झाकणाचं हवेचं भोक मीच टाकी रंगवताना बुजवलं होतं. सुईनं मोकळं केलं. तेव्हापासून बंद नाही.

मग टेप लावून ट्यूनिंग. एअर स्क्रू दीडवर धरून सुरू केलं, सव्वा फेऱ्यावर स्लो एकदम गोल आला. नीडलची क्लिप मधल्या खाचेत होती, पाव ते अर्ध्या मुठीत थोडी अडखळायची, ई-२० चं वाचलं होतं म्हणून एक खाच खाली घेतली, अडखळणं गेलं. प्लग लातूर-नांदेड रोडला सरळ पट्ट्यात फुल मुठीत पळवून तिथंच क्लच दाबून चावी बंद करून काढला. विटेसारखा तांबूस, काजळी नाही.

वाळूजच्या दादांना विशेष धन्यवाद, तुम्ही २७ चं अ‍ॅव्हरेज लिहिलं नसतं तर मी २८ घेऊनच बसलो असतो. माझं पहिल्या टाकीला ३६ आलं. वर किती पळते म्हणाल तर ऐंशीपर्यंत नेली, त्याच्या पुढं न्यायची इच्छा झाली नाही.

स्लाईड थोडी वाजते अजून, हिवाळ्यात नवी बघेन. काल आईला मागं बसवून औशाला गेलो, त्याच टी पॉईंटला चहाला थांबलो, मुद्दाम पंधरा मिनिटं, ऊन तसलंच होतं. काटा मधी आणला, एक किक.